भेलस्याची कृष्णा

मार्च लागला की भोपाळमधल्या आमच्या साकेत नगरच्या घरात कूलर साफ करायचं काम निघतं. जाळीतलं मागच्या वर्षीचं गवत कुजून काळं पडलेलं असतं, आणि ते ओढून काढताना हाताला जो बुळबुळीतपणा लागतो तो साबणानंही लवकर जात नाही. यंदा मी गच्चीत बसून ते उपसत होते आणि आतून ईशाचं पाठांतर ऐकू येत होतं. ईशा माझ्या भावाची नात. सरकारी भरतीच्या परीक्षेचा क्लास लावायला इंदूरहून माझ्याकडे येऊन राहिली आहे. तिच्या गाईडात एक पान आहे, त्यावर दोन रकाने: पुराना नाम, नया नाम. डोळे मिटून, मान हलवत ती ते पान घोकत होती. होशंगाबाद, नर्मदापुरम. नसरुल्लागंज, भैरूंदा. इस्लामनगर, जगदीशपूर. हबीबगंज स्टेशन, रानी कमलापती. मग दम घेऊन तिनं महाराष्ट्राकडे मोर्चा वळवला. औरंगाबाद झालं, उस्मानाबाद झालं, अहमदनगर झालं. आणि मग एकदम मागे, माझ्या जन्माच्याही आधीचं: भेलसा, विदिशा.

माझा हात गवतात तसाच राहिला. मी तिला म्हटलं, हे शेवटचं कशाला पाठ करतेस, त्याला आता किती वर्षं झाली. ती हसली. म्हणाली, "आज्जी, हा तर हर साल येतो. एक मार्क पक्का."

भेलसा, विदिशा. एक मार्क पक्का. त्या पोरीचा काय दोष, तिला नोकरी हवी आहे. पण मला त्या दोन रकान्यांची शिसारी आली. मधली ती सरळ उभी रेघ पाहिली की वाटतं, डावीकडच्याला कोणीतरी मारून टाकलंय आणि उजवीकडचा हात धुऊन उभा आहे.

मला या सगळ्या नामांतराचा वीट आला आहे, आणि तो कुठल्या एका बाजूचा नाही. जवळच्या स्टेशनचं नाव बदललं त्या दिवशी आमच्या गल्लीत एकानं सकाळीच पेढे वाटले. पेढे बरे होते, मीही एक खाल्ला. संध्याकाळी समोरच्या घरातल्या गृहस्थांनी सगळ्यांच्या फोनवर एक भलंमोठं रडगाणं पाठवलं. जुन्या भोपाळची तहजीब, नवाबी काळ, तलावावरची हवा, आता काय उरलं वगैरे. हे गृहस्थ बारा वर्षांपूर्वी इथे आलेले, आणि जुन्या शहरात ते लग्नाचा बस्ता बांधण्यापलीकडे कधी गेल्याचं मी ऐकलेलं नाही. ज्याला जुनं नाव बोचत होतं त्याचं बोचणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. ज्याला ते गेल्याचं वाईट वाटलं त्याचंही वाटणं खोटं म्हणत नाही. पण पेढे वाटणाऱ्याच्या आणि गळा काढणाऱ्याच्या, दोघांच्याही तोंडावर मला एकच भाव दिसला. आपण बरोबर ठरल्याचा. ऑटोवाले आजही 'हबीबगंज, हबीबगंज' असंच ओरडतात आणि बोर्ड नव्या नावाचा वाचून गाडी तिथेच लावतात, त्यांना दोन्हीचं काही पडलेलं नाही. तो बरोबर ठरल्याचा भाव मात्र मी फार जवळून पाहिलेला आहे. आमच्या जेवणाच्या टेबलावर तो रोज आमच्याबरोबर जेवायचा.

बाबा भोपाळच्या विजेच्या अवजड यंत्रांच्या सरकारी कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात होते. मूळ मिरजेचे. कारखाना उभा राहत होता तेव्हा नोकरी लागून आले आणि टाउनशिपमध्ये क्वार्टर मिळालं. पिपलानी, बरखेडा ही तेव्हा खरीखुरी खेडी होती म्हणतात. त्यांच्या जमिनीवर सेक्टर पाडले, क्वार्टरांच्या ओळी उभ्या राहिल्या, आणि नावं मात्र तीच ठेवली. नाव तसंच ठेवून गाव नाहीसं करायची ही दुसरी तऱ्हा, तिच्याबद्दल कोणी पेढेही वाटत नाही आणि रडतही नाही. आम्ही पोरं तर पिपलानी म्हणजे बाजार आणि बसस्टॉप एवढंच समजायचो.

बाबांच्या शर्टांना कायम अमोनियाचा वास यायचा. ड्रॉइंगच्या प्रती तेव्हा अमोनियाच्या वाफेवर काढत, आणि तो वास कपड्यात, केसात, डब्याच्या पिशवीत मुरायचा. अजूनही कुठे अस्वच्छ मुतारीजवळून जाताना मला वडलांची आठवण होते, हे बोलायला बरं नाही पण खरं आहे. त्यांच्या ऑफिसात एक नियम होता. एखादं ड्रॉइंग सुधारलं की जुन्यावर 'रद्द' असा शिक्का मारायचा, आणि खाली शॉपमध्ये, म्हणजे कामाच्या शेडमध्ये, गेलेल्या जुन्या प्रती परत मागवून फाडायच्या. कारण एक जरी जुनी प्रत खाली राहिली तर कोणीतरी कामगार तिच्यावरून काम करणार आणि लाखमोलाचा माल भंगारात जाणार. ऑफिसात हे शहाणपण होतं. बाबा ते शहाणपण संध्याकाळी घरी घेऊन यायचे.

गावांची नावं हा त्यांचा खास विषय. बेजवाडा कोणी म्हटलं की ते लगेच विजयवाडा म्हणत. बनारस म्हटलं की वाराणसी. म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं त्या वर्षी त्यांनी माझ्या भूगोलाच्या पुस्तकात शाईनं दुरुस्त्या करून दिल्या, फूटपट्टी लावून, ड्रॉइंगवर करतात तशा बारीक अक्षरात. आणि घरात या सगळ्याचं एकच हक्काचं गिऱ्हाईक होतं, ते म्हणजे आई. आईचं माहेर विदिशाचं. ग्वाल्हेर संस्थानच्या नोकरीत तिचे आजोबा तिथे आले आणि बेतवेच्या काठी राहून गेले. ती कधी विदिशा म्हणायची नाही. भेलसं म्हणायची. "भेलस्याचा गहू", "भेलस्याची मावशी", "आमच्या भेलस्याला तर असं नसतं." ती बोलायला लागली की आम्ही टपून बसायचो. तिच्या तोंडून भेलसं निघालं रे निघालं की बाबा बोटानं टेबलावर शिक्का मारल्यासारखं करायचे आणि आम्ही भावंडं ओरडायचो, रद्द. मग आईनं विदिशा असं तीनदा म्हणायचं, तेव्हा जेवण पुढे सरकायचं. सगळ्यात मोठा आवाज माझा असायचा. मी बाबांची लाडकी होते आणि ती जागा मला टिकवायची होती.

बाबा आईच्या बोलीलाही हसत. ती ग्वाल्हेरी मराठी बोलायची, म्हणजे हिंदीत भिजलेली. "तू खाना खाऊन घे", "मी तर येऊन गेली होती." बाबा म्हणायचे, हिला मराठी शिकवायला मला मिरजेहून बाई आणावी लागेल. ती हसायची. एकदाच ती म्हणाल्याचं आठवतं, की विदिशा तर कागदावर आहे, माझी गाडी भेलस्यालाच थांबते. त्यावर बाबांनी टेबलावर जोरात बोट आपटलं आणि आम्ही रद्द म्हणून ओरडलो.

त्या वर्षीचा मार्च मला आज जितका आठवतो तितका त्या वेळी जाणवला नसेल. मी अकरावीला होते, मध्य प्रदेशात तेव्हा बोर्डाची परीक्षा अकरावीला असे. होळीचा रंग कानामागून अजून निघालेला नव्हता. रायसेन रोडकडून वाऱ्याबरोबर गव्हाचा भुसा उडत यायचा आणि वाचताना डोळ्यात जायचा. कारखान्याच्या कुंपणापलीकडे पळस लाल झाले होते. लोक त्यावर खूष असतात, मला तो लाल रंग परीक्षेच्या धास्तीशी जोडलेला असल्यामुळे अजून सहन होत नाही. आणि घरात वर्षाचे गहू आलेले. टाउनशिपमध्ये मार्च-एप्रिलमध्ये घरोघरी पोत्यांनी गहू येत, ते चाळून, निवडून, एरंडेल चोळून कोठीत भरत. आई सतरंजीवर गव्हाचा ढीग घालून कोपरापर्यंत तेलकट हातांनी तो चोळत बसायची, आणि त्या एरंडेलाचा जाडसर, गोडूस, घशाशी येणारा वास पुस्तकांनासुद्धा लागायचा. मी बीजगणित त्या वासात केलं. आजही समीकरण म्हटलं की मला एरंडेल आठवतं.

त्याच दिवसांत आमच्या शाळेच्या बालमंदिरात एका बाईंची जागा निघाली. मॅट्रिक पास हवी, आणि वय चाळीसच्या आत. आई एकोणचाळीस वर्षांची होती. ही सूचना तिनं क्लबच्या फळ्यावर वाचली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी अभ्यास करत असताना तिनं पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली, तळातून एक कापडी पिशवी काढली आणि तिच्यातला कागद माझ्या वहीवर ठेवला. हात तेलकट होते म्हणून तिनं तो पदरानं धरला होता. मॅट्रिकचं सर्टिफिकेट. त्यावर लिहिलेलं: कु. कृष्णा दिगंबर पागे, भेलसा. द्वितीय श्रेणी.

मी विचारलं, ही कोण.

"ही मी आहे," आई म्हणाली.

मी सोळा वर्षांची होते आणि मला माझ्या आईचं नाव माहीत नव्हतं. मला माहीत होती ती सौ. वसुधा देवस्थळी. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहितात हे मी पाहिलेलं होतं, त्यावर उखाणे आणि हशा ऐकलेला होता. पण त्या तांदळाखाली आधीचं एक नाव पुरलं जातं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आई म्हणाली, माझ्या सासूबाईंचं नाव कृष्णाबाई. सुनेचं आणि सासूचं एकच नाव कसं चालेल, म्हणून ते बदललं. योगायोग असा की तिच्या लग्नाच्याच सुमाराला तिच्या गावाचंही नाव बदललं. ती सासरी आली तेव्हा दोन्ही एकदम गेली होती. हे सांगताना ती रडवेली वगैरे अजिबात झाली नाही. ती उत्साहात होती. बालमंदिरात पोरांना काय शिकवायचं हे तिचं ठरलेलंसुद्धा होतं. तिला खूप गाणी येत होती, चित्रं काढता येत होती, आणि टाउनशिपमधली सगळी पोरं हिंदी बोलायची, तिची हिंदी तर चोख होती. म्हणजे ज्या बोलीला आम्ही घरात हसत होतो तीच तिथे कामाची होती. तिला नोकरी हवी होती. मी तिला कुठलीच गोष्ट इतकी हवी असलेली त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही.

शाळेचं म्हणणं एवढंच होतं, की सर्टिफिकेटातली कृष्णा पागे आणि अर्जातली वसुधा देवस्थळी एकच, असा नवऱ्याचा हलफनामा, म्हणजे शपथपत्र, जोडावा. कोणीही कोणाचंही सर्टिफिकेट आणील, त्यामुळे त्यांचंही काही चूक नव्हतं. एका कागदावर एक सही.

रात्रीच्या जेवणाला आईनं विषय काढला. बाबांनी आधी मार्च एंडचं कारण सांगितलं, कारखान्यात टार्गेट पुरं करायचं आहे, श्वास घ्यायला सवड नाही. मग ते म्हणाले, बघू. मग त्यांनी सर्टिफिकेट मागितलं, चष्मा वर करून वाचलं, आणि ते हसायला लागले. ते दुष्ट हसले नाहीत. त्यांना खरोखर गंमत वाटली, आणि तेच मला आता जास्त किळसवाणं वाटतं.

"कृष्णा आणि भेलसा," ते म्हणाले. "म्हणजे बाईही रद्द आणि गावही रद्द."

आम्ही हसलो. भाऊ हसला, मी हसले. मी टेबलावर बोटही आपटलं. आई आमटी वाढत होती, ती वाढत राहिली. पुन्हा तिनं विचारलं तेव्हा बाबा गंभीर झाले. ते म्हणाले, माझी आई अजून मिरजेला जिवंत आहे. स्टँपपेपरवर माझ्या बायकोचं नाव कृष्णा असं मी कसं लिहून देऊ? मी वसुधाशी लग्न केलं आहे. त्यांना हे फार बिनतोड वाटलं. खरंच वाटलं असणार, कारण त्यानंतर ते शांतपणे ताकभात जेवले.

मग आईनं स्वतःच अर्ज लिहिला. मैं कृष्णा पागे, विवाह के बाद वसुधा देवस्थळी. गावाचं नाव तिनं भेलसा लिहिलं आणि कंसात वर्तमान विदिशा. हे तिनं बाबांच्या पद्धतीनं, बारीक अक्षरात लिहिलं होतं. हलफनाम्याच्या जागी स्वतःचंच निवेदन जोडलं. शाळेच्या ऑफिसातल्या बडे बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, सांगितलं की आम्ही चौकशी करू.

आता मला जे सांगायचं आहे ते मी इतकी वर्षं टाळत आले आहे.

आमच्या शाळेत पाणी देणारा चपराशी होता, त्याचं नाव कृष्णा. पन्नाशीचा, मिशाळ, खाकी सदरा पाठीवर घामानं पांढरा झालेला. हिंदी मुलखात कृष्णा हे पुरुषाचं नाव. "कृष्णा, पानी ला", "कृष्णा, मटका खाली है" असं दिवसभर सगळे ओरडायचे, आम्ही पोरीसुद्धा, वयाचा काही मुलाहिजा न ठेवता. तो बिचारा साधा, पापभीरू माणूस होता. पण आम्हा क्वार्टरवाल्यांच्या पोरींना त्याच्या नावाला, त्याच्या सदऱ्याला, त्याच्या मडक्यातल्या डावालासुद्धा नाक मुरडायची सवय लागलेली होती. आईचं सर्टिफिकेट पाहिल्यावर पहिल्यांदा मला तोच आठवला होता. नदी आठवली नाही, आजी आठवली नाही. खाकी सदरा आठवला.

गणिताचा पेपर संपवून आम्ही सात-आठ मुली ऑफिसासमोरच्या व्हरांड्यात उत्तरं पडताळत उभ्या होतो. बडे बाबूंनी खिडकीतून मला हाक मारली. मी दारात गेले, माझ्यामागे बाकीच्या सगळ्या आल्या, कारण परीक्षेच्या दिवशी ऑफिसातून हाक येणं म्हणजे काहीतरी भानगड. त्यांच्यासमोर आईचा अर्ज होता. चेहरा अगदी सौम्य होता त्यांचा, हे मला सांगितलं पाहिजे.

"बेटी," त्यांनी विचारलं, "तुम्हारे घर में कोई कृष्णा हैं?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. आणखी कोणीतरी हळूच म्हणालं, पानीवाला. माझे कान तापले.

मी म्हटलं, "जी नहीं."

त्यांनी पुन्हा विचारलं, माँ का नाम? मी म्हटलं, वसुधा. ननिहाल कहाँ है, म्हणजे आजोळ? मी म्हटलं, विदिशा. भेलसा तो नहीं? मी म्हटलं, जी नहीं, विदिशा. हे शेवटचं मी अगदी स्पष्ट उच्चारात म्हटलं, बाबांना आवडलं असतं असं. प्रत्येक उत्तर बरोबर होतं. गाईडातल्या उजव्या रकान्याप्रमाणे बरोबर. बडे बाबूंनी मान हलवली, मला जायला सांगितलं, आणि मी मुलींबरोबर जाऊन तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काय आलं त्यावरून भांडायला लागले.

आठवड्यानं अर्ज परत आला. वर लाल शाईत दोन ओळी होत्या. पूछताछ की गई. इस नाम की कोई महिला उक्त पते पर नहीं है.

आईनं तो कागद उभ्यानं वाचला. घडी घालून ट्रंकेत ठेवला आणि उरलेल्या गव्हाला तेल लावायला बसली. मी भूगोलाचं पुस्तक समोर धरून बसले होते, बाबांच्या दुरुस्त्या केलेलं. तिनं मला काही विचारलं नाही. चौकशी कोणाकडे केली, हे बाबांनीही विचारलं नाही. ते एवढंच म्हणाले, बघ, मी म्हटलंच होतं की सरकारी कामात नावाची भानगड चालत नाही. ती जागा बरखेड्यातल्या दुसऱ्या एका बाईंना मिळाली. पावसाळ्यात आईला चाळीस पूर्ण झाली.

त्यानंतर घरात एक बदल झाला, तो आधी आमच्या लक्षातच आला नाही. आई विदिशा म्हणायला लागली. "विदिशाची मावशी." "विदिशाचा गहू." बाबांचं बोट वर जायचं आणि हवेतच राहायचं. दोनचार आठवड्यांनी ते कौतुकानं म्हणाले, शेवटी जमलं हिला. त्यांना आनंद झाला होता, आणि मला आठवतंय, मलाही सुटल्यासारखं झालं होतं. जुनी प्रत एकदाची परत आली होती. टेबलावरचा तो खेळ आपोआप बंद पडला. माझा निकाल लागला, पहिल्या वर्गात आले, आईनं शिरा केला.

मी पुढे चाळीस वर्षं शिकवलं. म्हणजे जी नोकरी तिला मिळाली नाही तिच्याचसारखी मी केली, त्याच शहरात. लग्नात माझं नाव बदलायची गोष्ट निघाली तेव्हा मी ठाम नाही म्हटलं, आणि लोकांनी मला फार पुढारलेली समजून पाठ थोपटली. मी ती थोपटून घेतली. माझा तो ठामपणा कुठून आला, हे त्यांना कोणी सांगायचं? पुढे वर्गात गावांची जुनी-नवी नावं शिकवायची वेळ आली की मी तो धडा पोरांना घरी वाचायला सांगायचे. एक-दोनदा वरून विचारणा झाली. मी म्हटलं, सोपा आहे, शिकवावा लागत नाही.

भोपाळचंच नाव बदलावं असं अधूनमधून कोणीतरी उठवतं. बदलतील तेव्हा बदलतील. लोक पुन्हा दोन बाजूंना उभे राहतील, पुन्हा पेढे आणि पुन्हा गळे. त्या गर्दीत मला कोणी माझं मत विचारलं तर मी सांगणार नाही, कारण मत असायला जो हक्क लागतो तो मी सोळाव्या वर्षी एका ऑफिसाच्या दारात घालवला. गावाचं नाव बदलणारे निदान ठराव करतात, सही करतात, छापून आणतात. मी एका माणसाचं नाव नुसतं 'जी नहीं' म्हणून पुसलं, आणि तेही पाण्याच्या मडक्यापाशी उभ्या असलेल्या गरीब माणसाची लाज वाटली म्हणून. घाण दुसऱ्याच्या अंगणात दाखवायला सोपी असते.

बाबा गेल्यानंतर आई माझ्याकडे साकेत नगरला राहायला आली. हॉस्पिटल जवळ पडतं म्हणून. ऐंशीच्या पुढची झाली होती, पण डोकं शेवटपर्यंत साफ होतं. एका दुपारी आम्ही दोघी गच्चीत बसलो होतो आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. कोणतंही निमित्त नव्हतं. तिचं वय बघून मला वाटलं, आता नाही सांगितलं तर राहूनच जाईल. बडे बाबूंनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, मुली का हसल्या, सगळं. बोलताना मी तिच्याकडे बघत नव्हते.

ती म्हणाली, "मला माहीत आहे गं. मी तर तिथेच बसली होती."

मला कळेना. तेव्हा तिनं सांगितलं. बडे बाबूंनी तिला त्या दिवशी मूळ सर्टिफिकेट घेऊन बोलावलं होतं. ती वेळेआधी पोचली, तेव्हा चपराशानं तिला आतल्या बाजूच्या खोलीत, कपाटाच्या आड स्टूल दिलं, प्यायला पाणी दिलं. मला हाक मारली ती तिनं ऐकली, प्रश्न ऐकले, उत्तरंही ऐकली. मधे फक्त एक कपाट होतं. बडे बाबूंना ती आल्याचं ठाऊकच नव्हतं. ती तशीच मागच्या दारानं उठून घरी आली.

मी विचारलं, मग तू बाहेर का नाही आलीस? दोन पावलं यायचं होतं. सर्टिफिकेट हातात होतं. तिथल्या तिथे सगळं मिटलं असतं.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी हे विचारते आहे याचंच तिला नवल वाटलेलं दिसलं.

"आली असती तर तू खोटी पडली असती," ती म्हणाली. "सगळ्या पोरी उभ्या होत्या ना तिथे."

मला स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती. आणि ती समोर बसून माझ्याकडे इतक्या मायेनं बघत होती, की ती किळस मला कुठे टाकताही येईना.